फिर्यादी कुठे आहे? : वन्यप्राण्यांचे नुकसान, सरकारी जीवशास्त्रज्ञ आणि साहित्य

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी फार्ली मोवॅट या कॅनेडियन लेखकाचे ‘नेव्हर क्राय वुल्फ’ हे पुस्तक वाचायला दिले. हा विद्यार्थी आता वनरक्षक आहे. त्याचे बीट ऊसपट्ट्यात येते. म्हणजे नोकरी वनखात्याची असली तरी त्याचे निम्मे काम शेतात, गोठ्यात आणि विहिरीच्या काठावर चालते. सरकारने लांडग्यांच्या अभ्यासाला पाठवलेल्या एका तरुण जीवशास्त्रज्ञाची ती गोष्ट त्याला आपली वाटेल, असा माझा हिशेब होता. महिनाभराने तो पुस्तक परत द्यायला आला.

“सर, पुस्तक झकास आहे. हसलो पण लई. पण यात फिर्यादी कुठंय?”

“म्हणजे?”

“म्हणजे नुकसान कुणाचं झालं? आमच्याकडं फोन आल्याबिगर गाडी निघत नाही. शेळी मेलेली असती, माणूस दारात बसलेला असतो. तिथनं आमचं काम सुरू होतं. ह्यातला साहेब तर कुणाच्या दारातच जात नाही.”

हे पुस्तक मी वर्गात अनेकदा वाखाणले होते. त्यामुळे तो प्रश्न मला तेव्हा थोडा खटकला, थोडा भाबडाही वाटला. नंतर मात्र तो मनातून जाईना. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचा बंदोबस्त करणे हेच ज्याचे सरकारी काम, त्या माणसाविषयीचे म्हणून जे लेखन नावाजले गेले ते मी हा प्रश्न हाताशी धरून पुन्हा वाचले. या लेखात त्या वाचनाचा हिशेब मांडायचा आहे. फिर्यादी, आरोपी आणि पंच हे शब्द मी त्या विद्यार्थ्याकडूनच उसने घेतले आहेत.

आधी हे काम काय असते ते पाहू. या विषयावरचे गाजलेले लेखन मुख्यतः उत्तर अमेरिकेतले आहे, कारण या कामासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा तिथे फार लवकर उभी राहिली. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचा शेतीशी काय संबंध येतो हे तपासण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यात १८८५ साली एक छोटा विभाग निघाला. सी. हार्ट मेरियम त्याचे प्रमुख होते. सुरुवातीचे काम मोठे शोधक होते. ससाणे आणि घुबडे कोंबड्या पळवतात म्हणून शेतकरी ती सरसकट मारत. या विभागाच्या ए. के. फिशर यांनी अशा पक्ष्यांची अडीच हजारांहून अधिक जठरे उघडून पाहिली आणि १८९३ साली सप्रमाण दाखवले की त्यांतले बहुतेक पक्षी उंदीर आणि किडे खातात, म्हणजे ते शेतकऱ्याच्या फायद्याचेच आहेत. फिर्याद ऐकायची, पुरावा तपासायचा आणि मग बोलायचे, ही या कामाची मूळ रीत होती.

१९०५ मध्ये या विभागाचा ‘ब्यूरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे’ झाला. १९१५ पासून अमेरिकी संसद या ब्यूरोला लांडगे आणि कायोटी मारण्यासाठी पैसे देऊ लागली, आणि १९३१ च्या कायद्याने या कामाला कायमचे अधिष्ठान मिळाले. १९४० मध्ये ब्यूरो ‘फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’मध्ये विलीन झाला. पुढे १९८० च्या दशकात नुकसान-नियंत्रणाचा विभाग पुन्हा कृषी खात्याकडे आला, आणि १९९७ पासून तो ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ या नावाने ओळखला जातो. आज या विभागाची माणसे मेंढपाळांच्या कळपांपासून विमानतळांच्या धावपट्ट्यांपर्यंत सगळीकडे असतात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा हंस शिरले आणि ते विमान हडसन नदीवर उतरवावे लागले. तसे पुन्हा होऊ नये म्हणून हंसांचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी याच खात्याच्या टेबलावर येतो. बीव्हरच्या बांधामुळे पाण्याखाली जाणारे रस्ते, सूर्यफुलावर उतरणारे पक्ष्यांचे थवे, रानातल्या प्राण्यांना रेबीजची लस देण्यासाठी विमानातून टाकायची आमिषे, ही सगळी त्याचीच कामे.

त्यातले सर्वांत साधे आणि सर्वांत कठीण काम म्हणजे मेलेल्या जनावराकडे पाहणे. मेंढी मेली आहे, शेजारी कायोटीची पावले आहेत. म्हणून कायोटीने मारली असे म्हणता येत नाही. ती रोगाने मेली असेल आणि कायोटी नंतर आला असेल. अशा वेळी कातडी सोलून पाहतात. चावा जिवंतपणी पडला असेल तर कातडीखाली रक्त साकळलेले दिसते, मेल्यानंतर पडला असेल तर दिसत नाही. कुत्री मागून, जमेल तिथे लचके तोडतात, बिबट्या बहुधा गळा धरतो. हे पाहून जो लिहून देतो तो न्यायाधीश नसतो, कुणाचा वकीलही नसतो. तो पंच असतो. समोर जे आहे ते लिहायचे, आणि तेही फिर्यादीच्या दारात उभे राहून, त्याच्या देखत.

साहित्यात या पंचाचे काय झाले?

पहिली गोष्ट त्याच्या खात्यानेच रचली. दक्षिण डकोटा राज्यात कस्टर गावाच्या परिसरात एक लांडगा नऊ वर्षे गुरे मारत होता. त्याने पंचवीस हजार डॉलरचे नुकसान केले, असे सांगितले जाई. ऑक्टोबर १९२० मध्ये एच. पी. विल्यम्स या सरकारी शिकाऱ्याने त्याला मारले. जानेवारी १९२१ मध्ये कृषी खात्याने याचे जे प्रसिद्धिपत्रक काढले, त्याच्या शीर्षकातच त्या लांडग्याला जगातला सर्वांत मोठा प्राणी-गुन्हेगार ठरवले होते. गुन्हेगार हा शब्द इथे महत्त्वाचा. एका परिसरातली नऊ वर्षांची सगळी हानी एका जनावराच्या नावावर लागली. रोगाने मेलेली, थंडीने गारठलेली, चोरीला गेलेली, कुत्र्यांनी फाडलेली गुरे त्या आकड्यात किती होती, याची झडती कुणी घेतल्याचे त्या गोष्टीत दिसत नाही. जठरे उघडून पाहणाऱ्या खात्याने पंचवीस-तीस वर्षांत पंचाची जागा सोडली आणि फिर्यादीचे वकीलपत्र घेतले.

याच साच्यातले पुस्तक म्हणजे १९२९ सालचे ‘द लास्ट स्टँड ऑफ द पॅक’. लेखक आर्थर कारहार्ट, आणि त्याला साहाय्य बायॉलॉजिकल सर्व्हेचे अधिकारी स्टॅन्ली यंग यांचे. कोलोराडोतल्या शेवटच्या लांडग्यांच्या या कथा. प्रत्येक लांडग्याला नाव आहे : ओल्ड व्हायटी, थ्री टोज, आणि सापळे उकरून काढणारा रॅग्ज द डिगर. प्रत्येकाच्या मागावर सरकारी शिकारी आहे. पुस्तक आजही हातातून सुटत नाही, आणि त्याचे कारण लेखकाच्या मनातला पेच. हाच कारहार्ट दहा वर्षांपूर्वी वनखात्यात असताना ट्रॅपर्स लेकच्या काठी बंगले बांधू नयेत, ते सरोवर आहे तसे राहू द्यावे, असे सुचवणारा माणूस. त्याला लांडग्यांविषयी आदर आहे आणि त्यांचा अंत अटळ आहे अशी त्याची खात्रीही आहे. त्यामुळे पुस्तकाचा सूर शोकगीताचा होतो आणि निकाल मात्र फाशीचाच राहतो. पशुपालक इथे आहे, म्हणजे फिर्यादी हजर आहे. पण त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. सगळी शाई आरोपीच्या शौर्यावर आणि शिकाऱ्याच्या चिकाटीवर खर्च झाली आहे.

दुसरा लेखक आल्डो लिओपोल्ड. तो १९०९ मध्ये वनखात्यात नोकरीला लागून अ‍ॅरिझोनात आला, आणि हिंस्र प्राणी संपवण्याच्या मोहिमेचा पुढे अनेक वर्षे खंदा समर्थक होता. ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हा त्याचा छोटा निबंध १९४४ चा. आल्बर्ट हॉकबॉम या त्याच्या विद्यार्थी-मित्राने त्याला टोचले होते की लांडगे संपवण्यात तुमचाही हात होता, ते लिहिल्याशिवाय तुमचे लेखन पुरे होणार नाही. मग त्याने तरुणपणी मारलेल्या लांडगीचे मरण लिहिले, आणि लांडगे गेल्यावर हरणांनी बोडका केलेला डोंगर लिहिला. निबंध ज्या पुस्तकात आला ते ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये, लिओपोल्डच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

हा निबंध मी पूर्वी कबुलीजबाब म्हणून वाचत असे. आता मला त्यातली दुसरी हालचाल दिसते. लिओपोल्डने फिर्यादीच बदलला आहे. आधीच्या गोष्टींत नुकसान पशुपालकाचे होते, इथे ते डोंगराचे आहे. आरोपी लांडगा नसून त्याला मारणारा माणूस आहे, म्हणजे लेखक स्वतः. ही मराठीतही वारंवार वाखाणली गेलेली दृष्टी खरोखर मोठी आहे, कारण हानीचा हिशेब एका वर्षाऐवजी शंभर वर्षांवर पसरतो. पण जुना फिर्यादी कुठे गेला? गुरेवाला या निबंधात येतो तो ओझरता, आणि तेही आपल्या कुरणातले लांडगे संपवताना कळप आटोक्यात ठेवण्याचे त्यांचे काम आता आपल्यावर आले आहे हे त्याला कळत नाही, एवढे दाखवण्यापुरता. त्याचे वासरू गेले हे खोटे नव्हते. ते लिओपोल्ड नाकारत नाही, त्याविषयी बोलत नाही इतकेच.

एक गोष्ट मात्र लिओपोल्डच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्याचा मुलगा स्टार्कर लिओपोल्ड ज्या सल्लागार समितीचा अध्यक्ष होता, तिने १९६४ मध्ये अमेरिकी सरकारच्या हिंस्र प्राणी आणि कृंतक नियंत्रणाची झडती घेतली, आणि हे काम गरजेपेक्षा कितीतरी जास्त, सरसकट आणि पुरेशा कारणांशिवाय चालते असा निष्कर्ष काढला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालण्यास आदेशाने बंदी केली. बापाचा निबंध आणि मुलाचा अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. निबंधाने मने बदलली असतील, पण कुठे किती नुकसान आणि त्यावर किती मारणूक, हा प्रश्न अहवालाने विचारला.

आता मोवॅट. ‘नेव्हर क्राय वुल्फ’ १९६३ चे. कॅरिबूंचे कळप घटताहेत, ठपका लांडग्यांवर आहे, आणि ओटावातले कारकुनी डोक्याचे वरिष्ठ एका तरुण जीवशास्त्रज्ञाला हास्यास्पद सामानासुमानासह टुंड्रात एकटा पाठवतात. तिथे त्याला जॉर्ज, अँजेलिन आणि अंकल अल्बर्ट हे लांडगे भेटतात. ते उंदीर खातात. एवढ्या मोठ्या देहाचा प्राणी उंदरांवर जगू शकतो का, हे पाहण्यासाठी नायक स्वतःही उंदीर खाऊ लागतो. लांडग्यांची हद्द मूत्राने आखलेली आहे हे कळल्यावर तोही आपली हद्द आखतो. विनोद अस्सल आहे, आणि लांडग्याकडे पाहण्याची असंख्य वाचकांची नजर या पुस्तकाने बदलली हे निर्विवाद.

पण खटला म्हणून पाहिले तर काय दिसते? आरोपी निर्दोष आहे. फिर्याद खोटी आहे. खाते मूर्ख आहे. शहाणा एकटा निवेदक. मोवॅट प्रत्यक्षात त्या मोहिमेवर एकटा नव्हता. कॅरिबूंच्या मोठ्या सरकारी पाहणीतला तो एक कर्मचारी होता, आणि त्या पाहणीचे नेतृत्व ए. डब्ल्यू. एफ. बॅनफिल्ड या जीवशास्त्रज्ञाकडे होते. बॅनफिल्डने १९६४ मध्ये पुस्तकाचे परीक्षण लिहिले, आणि लाल टोपीवाल्या मुलीच्या परीकथेत जितके तथ्य असते साधारण तितकेच या पुस्तकात आहे, अशा आशयाचा शेरा मारला. हे परीक्षण मी पूर्वी दुखावलेल्या अधिकाऱ्याचा त्रागा म्हणून बाजूला सारले होते. आज मला त्यात एका पंचाची तक्रार ऐकू येते. परीकथेतला लांडगा सर्वस्वी दुष्ट असतो आणि मोवॅटचा सर्वस्वी सज्जन, पण दोन्ही ठिकाणी पंचाची गरज उरत नाही. ती बॅनफिल्डला खुपली असावी. माझ्या विद्यार्थ्याला खुपली ती हीच.

याच लांडग्यावर, मोवॅटच्या १९ वर्षे आधी, एका सरकारी जीवशास्त्रज्ञाने लिहिलेले एक पुस्तक आहे, आणि माझ्या मते ते या सगळ्या लेखनात सरस आहे. लेखक अ‍ॅडॉल्फ म्युरी. अलास्कातल्या माउंट मॅकिन्ली राष्ट्रीय उद्यानात डॉल जातीच्या पांढऱ्या रानमेंढ्या घटल्या, लांडगे मारा अशी ओरड झाली, आणि राष्ट्रीय उद्यान खात्याने १९३९ मध्ये म्युरीला चौकशीला पाठवले. ‘द वुल्व्हज ऑफ माउंट मॅकिन्ली’ १९४४ मध्ये निघाले ते सरकारी अहवालमालेतला पाचवा अहवाल म्हणून. त्यात गुन्हेगार नाही, कबुलीजबाब नाही, साहेबांची टिंगलही नाही.

त्यात कवट्या आहेत. म्युरीने डोंगर पालथे घालून मेलेल्या मेंढ्यांच्या आठशेहून अधिक कवट्या गोळा केल्या. रानमेंढीच्या शिंगावर वर्षागणिक वळे पडते, त्यामुळे कवटी हाती आली की जनावर कितव्या वर्षी मेले ते सांगता येते. त्याने वळी मोजली, झिजलेले दात पाहिले, किडलेले जबडे टिपले. कवट्या बहुतांशी फार कोवळ्या किंवा म्हाताऱ्या आणि दुखण्याने खंगलेल्या मेंढ्यांच्या निघाल्या. भर वयातल्या धडधाकट मेंढ्या थोड्या. लांडगा कळप संपवत नाही, तो दुबळे निवडतो, हा निष्कर्ष त्यातून आला. त्यांतल्या ६०८ कवट्यांच्या आधारे एडवर्ड डीव्ही या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये रानमेंढ्यांची जीवनसारणी मांडली, ती परिसरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली.

म्युरीचे गुहेपाशी बसून केलेले लांडग्यांचे निरीक्षण मोवॅटइतकेच जिव्हाळ्याचे आहे, तरी त्याच्या पुस्तकाचा पाया नुकसान हा आहे. मेलेली मेंढी इथे आकड्यात बुडत नाही की डोंगराच्या रूपकात विरघळत नाही. एकेक कवटी हातात घेऊन पाहिली जाते. लांडगा सुटतो तो म्युरीला आवडतो म्हणून नव्हे. मेलेल्यांची साक्ष नीट ऐकली गेली म्हणून तो सुटतो. पुढे मेंढ्या फारच कमी उरल्या तेव्हा थोडे लांडगे काढावेत अशी शिफारस याच म्युरीने केली. मोवॅटच्या नायकाला असे करणे शक्य नव्हते, कारण त्याची गोष्ट कोसळली असती. म्युरीपाशी गोष्ट नव्हती, मोजदाद होती. मोजदाद बदलली तसे त्याचे म्हणणे बदलले.

म्युरीलाही एक सवलत होती हे विसरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या मेंढ्या कुणाच्या मालकीच्या नव्हत्या. कवट्या वेचताना दारात बसलेला माणूस त्याला भेटत नव्हता. माझा विद्यार्थी जिथे काम करतो तिथे तो रोज भेटतो. म्हणून आता आपल्याकडे यावे लागते.

आपल्याकडे ही सगळी चर्चा पुस्तकी राहत नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे अशा प्राण्याला मारण्याची परवानगी तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मिळते. शेळी नेली, वासरू नेले, एवढ्याने ती मिळत नाही. शेळीवाल्याला मिळते ती भरपाई, आणि तिची वाट पंचनाम्यातून जाते. जीव शेळीवाल्याचा नसून शेळीचा गेला असेल तर कायद्यात त्याच्या बाजूने उभा राहणारा कागद तेवढाच.

आणि तरीही गावात मागणी होते ती पिंजऱ्याची. मागणी समजण्यासारखी आहे. पण तिच्या मागे कस्टरच्या लांडग्याचीच गोष्ट उभी आहे : आरोपी एक आहे, तो सापडला की खटला संपला. जुन्नर परिसरात २००१ च्या सुमारास पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे नेऊन सोडायला सुरुवात झाली. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या अनुभवाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतराचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. पिंजऱ्यात सापडतो तो तिथून जाणारा कुठलाही बिबट्या. ज्याने शेळी मारली तोच तो, याची खात्री नसते. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर आपली जागा शोधत हिंडते, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे येते. अकोले तालुक्यातल्या शेतांच्या खोऱ्यात याच संशोधकांना शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. जिथे बिबटे असे शेजारीच राहतात तिथे ‘तो एक’ नसतोच.

मला म्हणायचे आहे ते हे. गुन्हेगार प्राण्याची गोष्ट केवळ साहित्यातली रूढी नाही. ती गोष्ट धोरण होते, आणि चुकले तर माणसे मरतात. म्हणून तिची समीक्षा करणे हे समीक्षकाचेही काम आहे.

मग मराठी मनाने या विषयाच्या कोणत्या गोष्टी घडवल्या? सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ हा २०१४ चा चित्रपट अत्रेय यांच्याच कामावर बेतलेला. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला बिबट्या २००९ मध्ये कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, आणि तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. माणसांच्या इतक्या जवळून जाऊनही त्याने कुणाला इजा केली नाही, हे त्या कथेचे मोल. बिबट्याची दहशत थोडी कमी करणारा चित्रपट म्हणून मी त्याचे स्वागतच केले होते. पण त्याचा जीव प्रवासात आहे. मोवॅटप्रमाणे इथेही गोष्ट निर्दोषाची आहे, आणि निर्दोषाच्या गोष्टीत फिर्यादीला जागा नसते. ‘शेरनी’ (२०२१) या हिंदी चित्रपटात फिर्यादी आहेत. पांढरकवड्याच्या परिसरात २०१८ मध्ये मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीची आठवण करून देणाऱ्या त्या कथेत गावकरी आहेत, त्यांचे मृत आहेत, आणि मधल्या मध्ये अडकलेली वनाधिकारी आहे. त्यांची फिर्याद पुढारी कशी पळवतात हे त्यात नेमके आले आहे. फिर्याद पळवली जाते, कारण ती शांतपणे लिहून घेणारे कुणी वेळेवर पोहोचलेले नसते.

छापील मराठीत मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीतून जंगलाचा शब्दसंग्रह आपल्याला दिला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ने वानरांच्या टोळीतला सत्तेचा खेळ माणसाला जवळजवळ बाहेर ठेवून दाखवला. ही मोठी कामे आहेत. पण रान जिथे संपते आणि बांध सुरू होतो, ती पट्टी त्यांचा विषय नव्हती. कोकणातल्या बागायतदाराचे माकडांनी नासलेले नारळ, विदर्भात रोह्यांनी तुडवलेली तूर, दोडामार्गच्या हत्तींनी आडव्या केलेल्या केळी, आणि या सगळ्यांत कागद घेऊन फिरणारा खालच्या पगाराचा सरकारी माणूस, यांची साक्ष अजून वाट पाहते आहे. त्या माणसाला आपण एक तर हप्तेखोर म्हणून रंगवतो नाही तर प्राणिमित्र नायक म्हणून. पंच म्हणून त्याला अजून कुणी वाचलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच विद्यार्थ्याचा सकाळी फोन आला. “सर, मोकळे आहात का? एक पंच कमी पडतोय.” शेजारच्याच वस्तीवर शेळी गेली होती. मी गेलो. जनावर गोठ्याच्या कुडापासून वीसेक पावलांवर, उसाच्या तोंडाशी पडले होते. त्याने गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा दाखवल्या, दोन खुणांमधले अंतर मोजले, फरपट कुठून कुठे गेली ते पावलांनी मोजले, ठसा पट्टी ठेवून टिपला. जनावरांचे डॉक्टर यायचे होते. मालकीणबाई ओट्यावर बसून होत्या. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक विचारत गेला : मावशी, किती वाजता आवाज आला, दाव्याला बांधली होती का, कुत्रं भुंकलं का, वय किती. बाई म्हणाल्या, “दुसऱ्या वेताची. गाभण व्हती.”

छापील नमुन्यात गाभण असल्याचा वेगळा रकाना नव्हता. त्याने क्षणभर कागद पाहिला आणि शेऱ्यात लिहिले : ‘शेळी गाभण होती असे मालकीण सांगतात.’ मग मला म्हणाला, “सर, ‘सांगतात’ असंच लिहावं लागतं. डॉक्टर बघतील, मग ‘होती’ लिहीन.”

त्याच्या त्या एका वाक्यात बाईंचे दुःख नोंदले गेले, आणि ते तपासायचे बाकी आहे हेही. बिबट्याविषयी त्यात राग नव्हता आणि माया नव्हती. म्युरीच्या कवट्यांशेजारी ठेवावे असे ते वाक्य मला वाटले. मी खाली सही केली, माझ्या शेजारी बाईंच्या दिराने अंगठा उठवला, आणि आम्ही डॉक्टरांची वाट पाहत ओट्यावर बसलो.